झिरपणारे पाणी आणि पुलाचे आयुष्य

यवतमाळ जिल्ह्यात फार दूर जायचे असेल तर पूल ओलांडल्याशिवाय भागत नाही. पूर्वेला वर्धा नदी, दक्षिणेला पैनगंगा आणि मधल्या मुलखात बेंबळा, अरुणावती, अडाण, पूस, निर्गुडा, खुनी अशा नद्या. पैनगंगा ओलांडली की उमरखेडकडून मराठवाड्यात जाता येते आणि पांढरकवड्याकडून तेलंगणात. वणीचा कोळसा, घाटंजीचा कापूस, शाळेला जाणारी मुले घेऊन निघालेली एस.टी., या सगळ्यांची वाट कोणत्या ना कोणत्या काँक्रीटच्या स्लॅबवरून जाते. यांपैकी अनेक पूल तीसचाळीस वर्षांचे झाले आहेत.

पुलाला धोका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पूर येतो. २८ सप्टेंबर २०२१ रोजी उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्यावरील पुलावरून पाणी वाहत असताना एस.टी.ची बस वाहून गेली आणि त्यात माणसे दगावली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल पुरात कोसळला. हे पाणी दिसते, त्याचा आवाज ऐकू येतो, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याची बातमी येते. पण पुलाचे आयुष्य कमी करणारे आणखी एक पाणी आहे. ते वरून पडते, डांबराखाली मुरते आणि वर्षानुवर्षे गुपचूप झिरपत राहते. या लेखात आपण या दुसऱ्या पाण्याचा विचार करणार आहोत.

पुलावर पाणी पडते तरी किती?

एक साधा हिशेब करू. पुलाची लांबी ३० मीटर आणि दोन वाहने शेजारून जातील एवढी, म्हणजे ७.५ मीटर रुंदी धरू. क्षेत्रफळ झाले २२५ चौरस मीटर. जिल्ह्यात वर्षाकाठी ढोबळमानाने १,००० मिलिमीटर, म्हणजे १ मीटर पाऊस पडतो असे मानले तर या लहानशा पुलावर वर्षभरात २२५ घनमीटर, म्हणजे २,२५,००० लिटर पाणी पडते. १०,००० लिटरचे साडेबावीस टँकर झाले.

यातले बहुतेक पाणी उतारावरून कडेला जाते, पाइपांतून खाली पडते किंवा वाफ होऊन उडून जाते. पण शंभरातला एकच भाग जरी स्लॅबमध्ये मुरला तरी ते पाणी २,२५० लिटर भरते, आणि तेही दरवर्षी. कडेचे पाइप माती आणि गवताने बुजलेले असतील तर पाणी कठड्यालगत साचून राहते आणि हा भाग आणखी वाढतो.

वर डांबर असताना पाणी आत जाईलच कसे, असे कोणीही विचारील. डांबर स्वतः पाणी आत घेत नाही हे खरे. पण रस्त्यावर अंथरतात ते नुसते डांबर नसते. ती खडी, वाळू आणि डांबर यांची मिसळ असते आणि तिच्यात बारीक पोकळ्या राहतात. ऊन, चाकांचा मार आणि काळ यांमुळे डांबर कडक होऊन तडकते. डांबरी थर हा पुलाचा जोडा आहे, छत्री नव्हे. तो चाकांची झीज सोसतो. पाणी अडवणे हे त्याचे काम नाही.

काँक्रीट भिजते कसे?

काँक्रीट दगडासारखे दिसले तरी ते सच्छिद्र असते. सिमेंट घट्ट होताना पाण्याशी रासायनिक संयोग पावते. या संयोगासाठी लागणारे पाणी सिमेंटच्या वजनाच्या सुमारे पाव पट असते. पण काँक्रीट ओतता यावे, सळयांच्या मधून नीट बसावे म्हणून पाणी त्याहून जास्त घालावे लागते. हे जास्तीचे पाणी पुढे निघून जाते आणि मागे केसाहूनही बारीक नळ्यांचे जाळे सोडते. गवंड्याने काम सोपे जावे म्हणून दोन बादल्या पाणी अधिक ओतले की हे जाळे दाट होते.

दिव्याच्या वातीत तेल चढते तसे या नळ्यांत केशाकर्षणाने पाणी शिरते. त्यात भेगांची भर पडते. काँक्रीट सुकताना आकसते आणि तापमानाबरोबर लांबीने कमीजास्त होते. १ अंश सेल्सिअसला १ मीटरमागे साधारण ०.०१ मिलिमीटर एवढे त्याचे प्रसरण असते. डिसेंबरमधली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत स्लॅबच्या तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर २० मीटर लांबीच्या गाळ्यात ८ मिलिमीटरचा फरक होतो. याच कारणाने दोन गाळ्यांमध्ये प्रसरण सांधा ठेवतात. तो सांधा फाटला की पाणी थेट खालच्या तुळयांच्या टोकांवर आणि खांबांच्या माथ्यावर उतरते.

सळई का गंजते, आणि का गंजत नाही?

लोखंड ओल्या हवेत गंजते हे आपण शाळेत शिकवतो. मग ओल्या काँक्रीटमधली सळई पहिल्या पावसाळ्यातच का गंजत नाही? याचे उत्तर चुन्यात आहे. सिमेंटच्या संयोगातून कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरवलेला चुना तयार होतो. त्यामुळे काँक्रीटच्या छिद्रांतले पाणी तीव्र अल्कधर्मी असते. त्याचा सामू, म्हणजे पीएच, साडेबाराच्या पुढे असतो. अशा पाण्यात सळईवर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ, घट्ट पापुद्रा धरतो आणि तो तिचे रक्षण करतो. जोवर चुना शाबूत तोवर सळई सुरक्षित.

हे कवच दोन प्रकारे मोडते. समुद्रकाठी मिठातले क्लोराइड सळईपर्यंत पोचून सामू वर असतानाही पापुद्रा फोडतात. यवतमाळपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. इथे हवेतला कार्बन डायऑक्साइड हे काम करतो. तो छिद्रांतून आत शिरतो आणि चुन्याशी संयोग पावतो:

कॅल्शियम हायड्रॉक्साइड + कार्बन डायऑक्साइड → कॅल्शियम कार्बोनेट + पाणी

चुन्याच्या निवळीत फुंकर घातली की ती दुधाळ होते, तीच ही क्रिया. ती जिथे पूर्ण होते तिथे सामू ९ च्या खाली येतो आणि सळईचा पापुद्रा टिकत नाही.

पापुद्रा गेल्यावर गंज चढायला दोन गोष्टी लागतात, पाणी आणि प्राणवायू. सळईचा एक भाग धनाग्र होतो आणि तिथले लोखंड विरघळू लागते. दुसरा भाग ऋणाग्र होतो. लोखंडातून इलेक्ट्रॉन आणि ओल्या काँक्रीटमधून आयन वाहू लागतात. थोडक्यात, पुलाच्या पोटात एक लहानशी बॅटरी सुरू होते. काँक्रीट कोरडे असेल तर आयनांना वाट मिळत नाही आणि ही बॅटरी जवळजवळ बंद पडते.

गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा व्यापतो. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण सोसत नाही. आतून फुगणारा गंज त्याला फोडतो, वरचे कवच सुटून पडते, सळई उघडी पडते आणि पुढचा गंज आणखी वेगाने चढतो.

दोन ऋतूंचे संगनमत

इथे आपल्या हवामानाचा एक विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. काँक्रीट पाण्याने पूर्ण भरलेले असेल तर कार्बन डायऑक्साइड आत फारसा शिरू शकत नाही. अगदी कोरडे असेल तर रासायनिक क्रियेला पाणी मिळत नाही. ही क्रिया मध्यम ओलाव्यात सर्वांत जोरात चालते. उलट सळई गंजायला भरपूर ओल लागते. आपल्याकडे सातआठ महिने कोरडे आणि चार महिने ओले असतात. कोरड्या दिवसांत हवा चुना खाते आणि पावसाळ्यात पाणी सळई खाते.

शिवाय स्लॅबची खालची बाजू उघड्या हवेत असते, तर वरची पावसात. हवा खालून येते, पाणी वरून येते, आणि दोघांची गाठ सळईपाशी पडते. हवा अडवणे अवघड आहे. पाणी मात्र अडवता येते. जलरोधक थराचा सगळा विचार या एका वाक्यात आहे.

वर्गमुळाचा हिशेब

कार्बन डायऑक्साइड किती खोल गेला हे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. समजा, पहिल्या १० वर्षांत तो १० मिलिमीटर आत गेला. मग २० मिलिमीटर जायला २० नव्हे, तर ४० वर्षे लागतील. सळईवर काँक्रीटचे आवरण २५ मिलिमीटर असेल तर तिच्यापर्यंत पोचायला सुमारे ६२ वर्षे लागतील. पण ओतकामाच्या वेळी सळई थोडी सरकली आणि आवरण १५ मिलिमीटरच राहिले तर? अवघी २२ वर्षे. आवरण दहाच मिलिमीटरने कमी झाले, पण आयुष्य जवळजवळ एकतृतीयांशावर आले. दहावीच्या वर्गात हे गणित जरूर द्यावे. वर्गमूळ कशासाठी शिकायचे, हा प्रश्न त्या दिवशी तरी कोणी विचारणार नाही.

पुलाखालचे चुनखडीचे झुंबर

जुन्या पुलाखाली उभे राहून वर पाहिले तर पांढरे ओघळ दिसतात. कधी कधी बोटभर लांब, पोकळ, पांढऱ्या नळ्या लोंबताना दिसतात. झिरपणारे पाणी स्लॅबमधला चुना विरघळवून खाली आणते. थेंब हवेत येताच तो कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि चुन्याचे कॅल्शियम कार्बोनेट होऊन तिथेच चिकटते. गुहांमधले झुंबरही कॅल्शियम कार्बोनेटचेच, पण तिथे थेंबातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडल्यामुळे ते घडते. पदार्थ एकच, पण वाट उलटी.

एक लिटर पाण्यात सुमारे दीड ग्रॅम चुना विरघळतो. आपल्या हिशेबातले २,२५० लिटर पाणी चुन्याने पूर्ण संपृक्त होऊन बाहेर पडले तर वर्षाला सव्वातीन किलोंहून अधिक चुना पुलातून निघून जाईल. पांढरा ओघळ म्हणजे वरून खालपर्यंत पाण्याला वाट मिळाल्याची खूण. तांबूस ओघळ म्हणजे त्या वाटेवर सळई गंजू लागल्याची खूण.

चाक आणि पाणी

पाणी रसायनाने छळते तसे यंत्रशक्तीनेही छळते. स्लॅबच्या वरच्या बाजूला भेगेत पाणी साचलेले असताना तिच्यावरून ट्रकचे चाक गेले की ते पाणी कोंडले जाते आणि त्याचा दाब भेगेच्या भिंती रेटतो. चाक पुढे गेले की भेग मिटू पाहते आणि कडा एकमेकींवर घासतात. झालेला चुरा पाण्याबरोबर वाहून जातो. ओसाका विद्यापीठातील शिगेयुकी मात्सुई यांनी १९८० च्या दशकात स्लॅबवर सतत चाक फिरवून प्रयोग केले. पृष्ठभागावर पाणी ठेवलेले स्लॅब कोरड्या स्लॅबांच्या मानाने कितीतरी कमी फेऱ्यांत मोडले. वणी भागातल्या, कोळशाने भरलेल्या ट्रकांच्या रस्त्यांवर ही गोष्ट विसरून चालणार नाही.

इतरत्र काय घडले

गोव्यात पणजीजवळ मांडवी नदीवर १९७० साली खुला झालेला पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. आयुष्य अवघे १६ वर्षांचे. तो पूर्वताणित काँक्रीटचा होता, म्हणजे त्याच्यात पोलादी तारा ताणून बसवलेल्या होत्या. खाऱ्या हवेत या तारा गंजल्या हे त्याचे प्रमुख कारण मानले गेले. त्यानंतर नदी ओलांडण्यासाठी लोकांना कित्येक वर्षे फेरीबोटींचा आधार घ्यावा लागला.

कॅनडात माँट्रियलजवळ लावाल येथे १९७० साली बांधलेल्या कॉन्कॉर्ड पुलाचा एक भाग ३० सप्टेंबर २००६ रोजी खालच्या महामार्गावर कोसळून पाच जण मरण पावले. पिएर मार्क जॉन्सन यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने सळया चुकीच्या जागी बसवणे, आराखड्यातील उणीव आणि काँक्रीटचा कमी दर्जा ही मुख्य कारणे दिली. हातभार लावणाऱ्या कारणांत आयोगाने स्लॅबच्या वरच्या बाजूला योग्य जलरोधक थर नसल्याचाही स्पष्ट उल्लेख केला. यावरून दिसते की पूल सहसा एकाच दोषाने पडत नाही. अनेक लहान दोष एकत्र यावे लागतात, आणि त्यांना एकत्र आणण्याचे काम बहुधा पाणी करते.

जलरोधक थर कसा देतात?

पाणी अडवण्यासाठी डांबर वापरण्याची युक्ती नवी नाही. मोहेंजोदडोच्या प्रसिद्ध स्नानकुंडालाही नैसर्गिक डांबराचा थर दिलेला आढळला आहे. आज यासाठी मुख्यतः दोन प्रकार वापरतात. एक, ज्योतीने तापवून चिकटवायची, बहुवारिक मिसळलेल्या डांबराची तयार चादर. दुसरा, फवारून किंवा पसरून जागेवरच रबरासारखा घट्ट होणारा पॉलियुरेथेनसारखा द्रव. प्रकार कोणताही असो, कामाचा क्रम जवळपास सारखाच असतो.

प्रथम पुलाची अर्धी रुंदी बंद करून जुना डांबरी थर खरवडून काढतात. याचा आणखी एक फायदा आहे. जुन्या थरावर नवा थर चढवत गेले की पुलाचे ओझे वाढते. ५ सेंटिमीटर जाडीचा एक जादा थर आपल्या ३० मीटरच्या पुलावर सुमारे २६ टन वजन कायमचे लादतो. म्हणजे भरलेला ट्रक रात्रंदिवस पुलावर उभा!

मग उघडा झालेला स्लॅब हातोडीने ठोकून किंवा त्यावरून साखळी ओढून तपासतात. घट्ट काँक्रीट खणखणीत वाजते, आतून सुटलेले बद्द वाजते. माठ घेताना आपण तो वाजवून पाहतो, तेच तत्त्व. सुटलेला भाग सळईच्या मागपर्यंत काढून, सळई घासून स्वच्छ करून तिथे नवा मसाला भरतात. भेगांत पातळ इपॉक्सी दाबाने भरतात.

त्यानंतर उतार पाहतात. मध्यापासून कडेकडे अडीच टक्के उतार हवा, म्हणजे पावणेचार मीटरमध्ये सुमारे ९४ मिलिमीटर. मग पृष्ठभाग कोरडा आहे याची खात्री करतात. हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. ओल्या काँक्रीटवर थर चिकटवला की उन्हात आतली वाफ त्याला फुगवून सोडवते. प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी आतून दव दिसले तर थांबावे. या कामासाठी आपल्याकडे पावसाळा संपून स्लॅब नीट सुकल्यानंतरचे कोरडे दिवस चांगले.

यानंतर चिकटपणासाठी पातळ अस्तर, त्यावर जलरोधक थर, आणि त्यावर त्याचे रक्षण करणारा व चाके सोसणारा नवा डांबरी थर. जलरोधक थर कठड्याच्या बाजूला वर वळवून बंद करतात, पाण्याच्या पाइपांच्या तोंडाशी नीट आत घेतात, आणि प्रसरण सांधे नवे बसवतात. गळती मोकळ्या मैदानात होत नाही, ती कडांशी आणि सांध्यांशी होते. छप्पर गळते तेव्हाही आपण आधी पन्हळ आणि भिंतीची कड पाहतो.

असा थर नीट दिला तर तो साधारण १५ ते २५ वर्षे काम देतो. पण आधी त्याची मर्यादा नीट समजून घेतली पाहिजे. तो पुलाची ताकद वाढवत नाही. गंजून बारीक झालेली सळई त्याने पुन्हा जाड होत नाही. पायाखालची माती वाहून जात असेल तर तिचा आणि या थराचा काही संबंध नाही. सडलेल्या स्लॅबवर तपासणी न करता थर दिला तर आतली ओल आतच कोंडते आणि दोष झाकला जातो. म्हणून हे काम पूल बरा असतानाच करायचे असते, आणि नेमके तेव्हाच ते करावेसे कोणाला वाटत नाही. नवे काळेभोर डांबर सगळ्यांना दिसते. त्याखालचा काही मिलिमीटरचा थर कोणालाच दिसत नाही.

डच अभियंता डी सिटर यांनी १९८४ साली ‘पाचाचा नियम’ मांडला. बांधतानाच नीट काळजी घ्यायला १ रुपया लागत असेल तर ती टाळल्यास गंज सुरू होण्यापूर्वीच्या देखभालीला ५, गंज सुरू झाल्यावरच्या दुरुस्तीला २५ आणि सगळे बिघडल्यावर १२५ रुपये लागतात. आकडे ढोबळ आहेत, पण दिशा खरी आहे. आपल्याकडे मृगापूर्वी घराचे कवेलू फेरण्याची रीत होती. ते काम गळायला लागल्यावर नव्हे, पावसाआधी करायचे, हे कोणाला सांगावे लागत नसे. पूल हे सगळ्या गावाचे छप्पर आहे. त्यावर जड वाहनांना बंदी आली की आधी एस.टी. थांबते, आणि तिच्या भरवशावर असलेली मुलगी तालुक्याच्या शाळेला मुकते.

वर्गात आणि गावात करून पाहा

१. तीन परीक्षानळ्यांत प्रत्येकी एक स्वच्छ खिळा ठेवा. पहिलीत साधे पाणी, दुसरीत चुन्याची ताजी निवळी घालून बूच लावा. तिसरीत निवळी घालून तिच्यात नळीने बराच वेळ फुंका, ती दुधाळ होऊन साका बसू द्या आणि तोंड उघडे ठेवा. आठवडाभर निरीक्षण करा. निवळी ओढून तोंडात जाणार नाही याची काळजी घ्या.

२. सिमेंट-वाळूच्या दोन सारख्या वड्या करा. एकीला सर्व बाजूंनी मेण लावा. दोन्ही तोलून पाण्यात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुसून पुन्हा तोला.

३. पाडलेल्या जुन्या बांधकामातला काँक्रीटचा तुकडा मिळवून तो ताजा फोडा आणि फुटलेल्या बाजूवर फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाका. जिथे गुलाबी रंग येतो तिथे चुना शिल्लक आहे. कडेचा बिनरंगी पट्टा मोजपट्टीने मोजा आणि बांधकामाचे वय विचारून वर वर्गमुळाचा हिशेब लावून पाहा.

४. पावसाळा संपल्यावर, नदीला पाणी कमी असताना, शिक्षकांसोबत गावच्या पुलाचे काठावरून निरीक्षण करा. पांढरे आणि तांबूस ओघळ, उघड्या सळया, सांध्यात उगवलेली पिंपळाची रोपे, बुजलेले पाइप यांची चित्रासह तारीखवार नोंद ठेवा. पुलाखाली किंवा वाहनांच्या वाटेत उभे राहू नका.

दरवर्षी त्याच महिन्यात अशी नोंद केली तर तीनचार वर्षांत ओघळ वाढतो आहे की नाही हे कळते. रस्ता राज्य महामार्गाचा असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आणि गावरस्त्याचा असेल तर जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे या नोंदीची प्रत पाठवावी. बुजलेला पाइप मोकळा करायला एक कामगार आणि एक पहार पुरते. तेवढे झाले तरी त्या वर्षी कठड्यालगत साचणारे पाणी पुलात मुरणार नाही.